घागरीतलं पाताळ

उतारावर एवढी गर्दी होती, की डोंगर खचला असता तर तिच्याच वजनानं. पुढे पाताळबाबा. हातात पितळी घागर, नजर घागरीत. मागून शिष्य चुन्याची रेघ ओढत चाललेला. रोज सकाळी रेघ ताजी व्हायची.

"रेघेच्या वर मरण, खाली अभय!" बाबा घागरीत घुमला. "पाताळ मला दिसतंय! वरची घरं सोडा, किल्ल्या पायाशी ठेवा. घरं मी राखतो!"

लोक किल्ल्या ठेवत होते. का नाही ठेवणार? बाबाने बोट दाखवलेली दोन घरं आठवड्यात खचली होती.

मी जन्माचा थापाड्या. वाघाला गणित शिकवल्याचं सांगितलं, तेव्हा लोकांनी "भागाकार जमला का?" एवढंच विचारलं. दुसऱ्याची थाप मला वासावरून कळते. वास येत होता, थाप मात्र सापडत नव्हती.

माझ्या ताईचं घर रेघेच्या खाली. तिच्या शिवणखोलीत वरची नऊ कुटुंबं पथारी पसरून होती. तिची लेक, म्हणजे माझी भाची, दरडींच्या धोक्याचे नकाशे बनवते. ती दारात विनवत होती.

"आई, रस्त्यासाठी खाली उताराचा पायाच कापलाय. नव्या नकाशात आपलं घर लाल आहे. आजच निघ."

"तुला यंत्रात दिसतं, बाबाला पाताळात," ताई सुईत दोरा ओवत म्हणाली. "त्याची दोन घरं पडली. तुझं एक तरी पडलं का?"

घ्या! म्हणजे नकाशा खरा ठरायला आधी घर पडायला हवं!

मी भाचीला बाहेर नेलं. "तो चुना बघ. डोंगरावर पाणी वळतं, वाट वळते, शेळीसुद्धा वळते. ही रेघ तीस पावलं सरळ, मग काटकोन, परत तीस पावलं. देव फूटपट्टी घेऊन कधीपासून हिंडायला लागला?"

भाची थबकली. "मामा, आमचा नकाशा चौकटींचा असतो. एकेक चौकट तीस पावलांची. उतार, माती, पाण्याची वाट, सगळी माहिती एकावर एक ठेवून संगणक तिला रंग देतो. ही आमच्याच चौकटींची कड आहे! पण गेल्या वर्षीच्या कच्च्या नकाशातली. हरकती मागवायला तो सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. एकही हरकत आली नाही."

"म्हणजे उघडून बघितला फक्त एकानं."

मी गर्दीत घुसलो, बाबापुढे लोटांगण घातलं आणि उठताना घागरीला मनापासून धक्का दिला. पाताळ खणकन बाहेर पडलं. मोबाईल! पडद्यावर लाल-हिरव्या चौकटी आणि त्यांच्या कडेवर बाबा कुठे उभा आहे ते दाखवणारा निळा ठिपका.

"बाबा, पाताळाला चार्जिंग किती उरलंय?" कुणीतरी ओरडलं.

गलका ऐकून ताई सुई हातात घेऊनच आली. भाचीने मोबाईल तिच्यापुढे धरला. "नकाशाची तारीख वाच, आई. तेव्हा रस्त्यासाठी उतार कापलाच नव्हता. ती दोन घरं बाबाने नाही, या लाल चौकटींनी सांगितली. त्यानं आमचंच वाचून दाखवलं, तेही शिळं."

ताईने तारीख दोनदा वाचली. खाली कापलेल्या उताराकडे पाहिलं. मग नऊ कुटुंबांना म्हणाली, "उठा रे. आधी माझं शिवणयंत्र धरा."

पाचव्या दिवशी भर दुपारी शिवणखोली घसरून खाली रस्त्यावर उतरली. आत माणूस नव्हतं. बाबा त्याआधीच किल्ल्या टाकून पसार झाला होता.

नकाशाही चुकतो. भाची स्वतःच तसं सांगते, म्हणून तो पुन्हा तपासते आणि वर हरकत घ्या म्हणते. बाबा कधी म्हणाला, हरकत घ्या? माझ्या थापांवर खुशाल हसा. पण जो तुमच्या घराचं भविष्य सांगतो, त्याच्या घागरीत आधी डोकावून बघा.