जर्मनची डेगची

मित्रांनो, मी एक जुनी डेगची आहे. आणि हो, साधीसुधी नाही, जर्मनची! तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात माझ्या धातूला अ‍ॅल्युमिनियम म्हणतात. आमच्या फुलंब्रीत त्यालाच जर्मन म्हणतात. पण हे मला कोण सांगणार? मी आपली समजून बसले की माझं माहेर जर्मनीत आहे.

नवा संसार मांडला तेव्हा मुक्ताबाईनं मला लासूर स्टेशनच्या बाजारातून आणलं. काय तिचा जीव माझ्यावर! राखेनं घासायची, उन्हात पालथी घालायची. बुद्धजयंतीला सगळ्या गल्लीची खीर माझ्यातच व्हायची. "मुक्ताबाई, तुझी जर्मनची डेगची दे गं," म्हणत बाया दारात यायच्या आणि मी फुगून टम्म! झाकण पडलं, वाफ कोंडली की मला गुंगी यायची. मग माहेर दिसायचं. नदीकाठी चुलीच चुली, त्यांवर माझ्या मावश्या नि आत्या रटरटतायत आणि म्हणतायत, "आलीस का गं बाई?"

पुढं सून आली, निशा. ती घरून जेवणाच्या ऑर्डरी घेते. हाताला चव आहे, पण तिला सगळं स्टीलचं लागतं. मी मोरीत गेले, मग अंगणात नळाखाली. पोचे पडले, बूड काळं झालं. एक दिवस निशा म्हणाली, "आई, ह्या रविवारी ही भंगारात देऊन टाकू." मुक्ताबाई माझ्यावरून हात फिरवून आत गेली. मला मात्र रडूच कोसळलं. माहेर न बघताच जायचं?

त्याच आठवड्यात शहरातल्या एका लॉनवर जर्मन पद्धतीचा मेळा होता. ऑक्टोबरच्या सुमारास त्यांच्याकडं असा मेळा भरतो म्हणे: बिअर, गाणी-बजावणी, खाणंपिणं. निशाला तिथं बटाट्याच्या पदार्थाचा स्टॉल मिळाला होता, आयुष्यातला पहिलाच. ती सकाळीच पुढं गेली आणि दुपारी फोनवर म्हणाली, "आई, जर्मनचं सामान रिक्षात घालून आणा."

आणलं की मुक्ताबाईनं! मला चिंचेनं लख्ख घासलं, जर्मनची परात घेतली, चाळणी घेतली.

निशानं कपाळाला हात लावला. "अहो आई! जर्मनचं म्हंजी ह्या मेळ्याचं! ते नवं स्टीलचं पातेलं, ते चौकड्याचे टेबलक्लॉथ..."

"मला काय म्हाईत? जर्मनचं म्हणलीस, जर्मनचं आणलं," मुक्ताबाई रडवेली झाली.

गेटवर माणसं यायला लागली होती. आता परत कोण जाणार? निशानं मला उचललं, पाणी ओतलं, बटाटे टाकले आणि शेगडीवर चढवलं.

मित्रांनो, त्या संध्याकाळचं काय वर्णन करू! झाडांतून दिव्यांच्या माळा, मोठ्यांच्या हातात फेसाळलेले मग. मंचावर एक जण छातीशी पेटी धरून वाजवत होता. ती ओढली की दम घ्यायची, दाबली की गायची. औरंगपुऱ्यातले दुकानदारसुद्धा एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डुलत होते. मीही रटरटत ताल धरला. डोळे मिटले आणि वाटलं, हेच ते माझं माहेर, हाच तो नदीकाठ. आणि बटाटे असे शिजले की स्टॉलपुढची रांग हटेना.

त्या रांगेत एक जर्मन साहेब होते, वाळूजच्या कारखान्यात कामाला आलेले. त्यांनी दोनदा बटाटे खाल्ले. निशानं सासूची गंमत सांगितली, तेव्हा ते खो खो हसले. मला टिचकी मारून म्हणाले, "ये जर्मन? मेरे को दो. मैं घर लेके जाता."

अगं बाई! माहेरचं बोलावणं!

"न्या की," मुक्ताबाई हळूच म्हणाली. "भंगारात जाण्यापरीस माहेरी तरी जाईल बिचारी."

निशानं मला फडक्यानं धरून आपल्याकडं ओढलं. "कशाचं माहेर, आई? नावालाच जर्मन हाय ती. आपली हाय. मी नाय देणार."

ज्या जर्मनीसाठी जन्मभर झुरले, ती त्या क्षणी हातची गेली. आणि खरं सांगते, मला इतका आनंद कधीच झाला नव्हता!

म्हणून मित्रांनो, घरातलं जुनं भांडं मोडीत घालण्याआधी एकदा घासून बघा, एकदा चुलीवर चढवून बघा. परवा रविवारी भंगारवाला दारावरून ओरडत गेला, "लोखंड, पितळ, जर्मन!" माझ्यात भात शिजत होता. मी काही ओ दिली नाही.