काकूचं स्वतःचं पोर

काकूला खरं नाव होतं. पण विजेचं बिल नवऱ्याच्या नावानं यायचं, त्यामुळे ते आठवायची वेळ कुणावर येत नसे. सगळी गल्ली तिला काकू म्हणायची. भाजीवाला म्हणायचा, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी असलेली शेजारीण म्हणायची, आणि चहा हवा असला की नवराही स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचा, "काकू, एक कप!" त्याला तो विनोद वाटायचा. नवऱ्यांचे विनोद असतात तसाच होता.

तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती पाळणाघर चालवायची. चार पोरं लोकांची, एक स्वतःचं. पाचही वर्षाच्या आसपासची, म्हणजे ज्या वयात पोर चालत नाही पण कुठंही पोचतं, बोलत नाही पण सगळं ऐकून घेतं, त्या वयातली. बँकेतल्या बाईंची चावरी. नावाप्रमाणेच, समोर येईल त्याला चावायची. वायरमनचा प्रोफेसर, जो तासन्‌तास एकाच चमच्याचा अभ्यास करायचा. नर्सबाईंचा भोंगा. चष्मेवाल्यांची गोगलगाय. आणि काकूचा ढब्बू. ही नावं काकूनंच ठेवलेली, आणि आईबापांनी काहीएक न बोलता उचललेली.

संध्याकाळी पोरं न्यायला सगळे यायचे तेव्हा दारात सभा भरायची. एक पाय आत, एक बाहेर, पोर कडेवर, पिशवी खांद्याला, आणि निघायचं नाव नाही. दिवसभर ऑफिसात शहाण्यासारखी वागलेली ही माणसं काकूच्या दारात मन मोकळं करायची.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही हो," नर्सबाई म्हणायच्या. "दवाखान्यातले पेशंट परवडले."

"आमचा ताटातलं खात नाही," वायरमन सांगायचा. "जमिनीवर सांडलेलं तेवढं वेचून खातो."

"मग जमीन स्वच्छ पुसा आणि सांडा," काकू म्हणायची.

सगळे हसायचे. वायरमन मात्र घरी जाऊन खरंच सांडायचा, आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचा की पोरगं पोटभर जेवलं. अशानं काकूचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली. दात, ताप, झोप, रुसवा, सगळ्यावर तिच्याकडे तोडगा असायचा. आणि एक गोष्ट ती कधीच कुणाला सांगत नसे. पोरानं पहिलं पाऊल टाकलं, पहिल्यांदा टाळी वाजवली, की ते बहुतेक तिच्याच खोलीत घडायचं. ती ते पोटात ठेवायची. मग दोन दिवसांनी चष्मेवाले धापा टाकत यायचे, "काकू, काकू, काल आमची उभी राहिली!" आणि काकू दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणायची, "काय सांगता!" इतकं सुंदर खोटं नाटकातसुद्धा कुणी बोलत नाही.

पाळणाघर सुरू करतानाच तिनं एक नेम केला होता. कामाच्या वेळात माझं-तुझं नाही. लोक पैसे देऊन पोर सोपवतात आणि मनात धाकधूक असतेच, की ही बाई आपल्या पोराला साय आणि आमच्याला पाणी देत असेल. म्हणून ढब्बूला ती सगळ्यांत शेवटी भरवायची. दोघं एकदम रडली तर आधी दुसऱ्याला उचलायची. आणि पाचांशी एकाच भाषेत बोलायची, "काकू देते हं," "काकूकडे ये बरं," "काकूला बघू दे, कुठं लागलं." ढब्बूसाठी वेगळी भाषा कुठून आणणार? पाच पोरांत बोलताना जीभ एकच असते. या नेमाचा तिला अभिमान होता, आणि तो दारातल्या सभेत ती अधूनमधून बोलूनही दाखवायची.

मग एके दिवशी दुपारी, चार पोरांचा मऊ भात आटोपून ती ढब्बूपुढं वाटी घेऊन बसली, तेव्हा त्यानं तिच्याकडे बघून तोंडभर हसत आपला पहिला शब्द उच्चारला.

"काकू."

चमचा तसाच हवेत राहिला. काकूनं इकडंतिकडं बघितलं. चावरी खेळण्यातल्या घोड्याला चावत होती, बाकीचे आपापल्या उद्योगात होते.

"काय म्हणालास?"

"काकू!" ढब्बू म्हणाला, आणि भातासाठी तोंड उघडलं.

तिला हसू आलं. रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो छापखान्यातली शाई हातावर असतानाच पोट धरून हसला. पण आठवडा गेला, दोन गेले, आणि हसू मागं पडलं. चावरी आईला बघून "आई" करायला लागली. भोंगा तर गल्लीच्या टोकाला पावलं वाजली तरी "आई, आई" असा गजर करायचा. ढब्बूही "आई" म्हणायचा. स्पष्ट म्हणायचा. संध्याकाळी दारात कुणाची आई आली की बोट दाखवून म्हणायचा, "आई." छापखान्यातून बाप आला की त्याच्या पायाला मिठी मारून "बाबा" म्हणायचा. नुसत्या काकूला काकू म्हणायचा.

"शब्द काय, येईल हळूहळू," नवरा म्हणाला.

"तुला म्हणतो ना बाबा. मग तुला काय जातंय बोलायला?" काकू म्हणाली, आणि भांडी जरा जोरातच आपटली.

सुट्टीच्या दिवशी तिनं ढब्बूला समोर बसवलं. छातीवर हात ठेवून म्हणाली, "आई. मी आई. म्हण, आई." ढब्बूनं मान वाकडी करून ऐकलं. तिच्या छातीवर बोट ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाला, "काकू." परत सांगितलं, परत काकू. पन्नासदा सांगितलं असेल. शेवटी त्याला वाटलं हा खेळच आहे, आणि तो टाळ्या वाजवायला लागला.

मग तिनं नेम मोडला. सोमवारपासून पाळणाघरातही "आई देते हं," "आईकडे ये" सुरू केलं. याचा परिणाम काय होणार हे एखाद्या आंधळ्यालाही दिसलं असतं. पण स्वतःच्या पोराचा प्रश्न आला की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. चौथ्या दिवशी संध्याकाळी बँकेतल्या बाई चावरीला न्यायला आल्या, हात पुढं केले, आणि चावरीनं त्यांच्याकडे पाठ फिरवून काकूच्या गळ्याला मिठी मारली. "आई," ती म्हणाली. काकूला.

बँकेतल्या बाई हसल्या, पण ते हसू नुसतं ओठांवर होतं. "हो का गं," त्या म्हणाल्या, "दिवसभर त्याच असतात ना तुझ्याजवळ. बरोबर आहे तुझं." आणि डोळे पुसायला पिशवीत रुमाल शोधायला लागल्या.

काकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जी बाई लोकांच्या पोरांची पहिली पावलं पोटात ठेवत होती, तिनं एका आईची हक्काची हाकच उचलली होती. तिनं तिथल्या तिथं कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवसापासून परत "काकू देते हं."

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी भोंग्याच्या जागरणावर दारात चर्चा रंगली होती. चष्मेवाल्यांचं म्हणणं, पोरगी चालायला लागली आणि घरातला एक चष्मा शाबूत राहिला नाही. वायरमन म्हणाला, "चष्मा तरी तुमच्याच दुकानातला. आमचा प्रोफेसर आता प्लगमध्ये बोटं घालतो. माझ्या घरात! लोक काय म्हणतील?" बँकेतल्या बाईही हसल्या. त्यांनी मागचं मनात ठेवलं नव्हतं. उलट म्हणाल्या, "तुमचं बरं आहे बाई, काकू. तुमचं पोर दिवसभर तुमच्या डोळ्यांसमोर. त्याला आईची वाट बघावी लागत नाही."

"हो ना," काकू म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

सगळे गेले. काकूनं खेळणी गोळा केली, चटई झटकली, आणि मागं वळून बघते तर ढब्बू उंबऱ्यापाशी बसला होता. रोजच बसायचा. तिला आजवर वाटायचं, बापाची वाट बघतोय. तिनं त्याच्याजवळ जाऊन वाकून बघितलं. तो रस्त्याकडे बघत होता. एक बाई पिशवी घेऊन येत होती, तेव्हा तो ताठ झाला. ती पुढं निघून गेली. मग दुसरी आली, तीही गेली. त्यानं वळून काकूकडे बघितलं, बाहेर बोट दाखवलं आणि विचारलं,

"आई?"

काकू तिथंच खाली बसली. तिला हुंदका आला आणि तिनं तो आवरलाही नाही. ढब्बूनं कुतूहलानं तिच्या गालावरचं पाणी बोटानं पुसलं. "काकू," तो समजावणीच्या सुरात म्हणाला.

नवरा आला तेव्हा दोघं उंबऱ्यातच होती. "बाबा!" ढब्बूनं आरोळी ठोकली. काकूनं सगळं सांगितलं. आज नवरा हसला नाही. चपला न काढताच तिच्याशेजारी बसला.

"म्हणजे त्याला वाटतं, सगळ्यांच्या आया येतात, तशी आपलीही कधीतरी येईल," तो म्हणाला.

"आणि रोज येत नाही," काकू म्हणाली. "रोज बसतो रे तो इथं. सगळ्यांची येते, याची येत नाही. आणि मी आत भांडी घासत असते."

"मला बाबा का म्हणतो मग?"

"कारण तू बाहेरून येतोस. बेल वाजवतोस, खांद्याला पिशवी असते." एवढं बोलून ती थांबली. नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं, तिनं नवऱ्याकडे.

"वेडेपणा आहे हा," ती म्हणाली.

"आहेच," तो म्हणाला. "जा."

दुसऱ्या दिवशी नवरा छापखान्यातून लवकर आला. सभा भरली आणि पांगली. काकू स्वयंपाकघरात गेली. तिनं एप्रन काढून खुंटीला टांगला. तोंड धुतलं, केस नीट केले. लग्नाला नेसायची ती नव्हे, पण बरी साडी नेसली. खांद्याला पर्स घेतली. पर्समध्ये काहीच नव्हतं, म्हणून एक नॅपकीन कोंबला. मागच्या दारानं बाहेर पडताना तिनं पदर चार वेळा सारखा केला. लग्नाच्या दिवशीही केला नव्हता. नाही ओळखलं तर? काकू नटूनथटून आली एवढंच त्याला वाटलं तर? मग मात्र आपल्याकडे काहीच उपाय उरणार नाही, असं तिला वाटलं.

मागच्या बोळात शेजारीण दोरीवरचे कपडे काढत होती.

"अय्या, काकू! नटून कुठं निघालात?"

"घरी," काकू म्हणाली.

शेजारीण हातात टॉवेल घेऊन बघतच राहिली.

इमारतीला वळसा घालून ती पुढच्या रस्त्यावर आली. आपल्याच दाराकडे चालत येताना तिला ते दार परक्याचं वाटलं. ढब्बू चटईवर दिसत नव्हता, कारण ठरल्याप्रमाणे नवऱ्यानं दार लोटलं होतं. तिनं बेल वाजवली.

आत रांगण्याचा आवाज आला. नवऱ्यानं दार उघडलं. खाली, त्याच्या पायांमधून, ढब्बूनं आधी चपला बघितल्या, मग साडी, मग पर्स, मग वर चेहरा. तो फार वेळ बघत राहिला. काकूनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आवाज ऐकला तर काकू म्हणून ओळखेल, याची तिला भीती वाटत होती.

"आई," ढब्बू म्हणाला.

इतका उशीर का केलास, असा त्याचा सूर होता. मग त्यानं दोन्ही हात वर केले. तिनं त्याला उचललं आणि छातीशी घट्ट धरलं. नवरा उगाच भिंतीवरच्या बटणांकडे बघत होता.

ढब्बूला मात्र असल्या गोष्टींना वेळ नव्हता. आई आली की पुढं काय होतं, हे त्यानं रोज बघितलं होतं. त्यानं पाय पुढं केले. नवऱ्याला क्षणभर कळेना, मग कळलं, आणि त्यानं कोपऱ्यातले बूट आणून घातले. मग ढब्बू आईच्या खांद्यावरून मागं वळला, स्वयंपाकघराच्या दिशेनं हात हलवला आणि म्हणाला, "काकू, टाटा."

आतून कुणी उत्तर दिलं नाही. त्यानं पुन्हा हात हलवला. "काकू?" त्याचा खालचा ओठ बाहेर यायला लागला. रोज प्रत्येकाला उत्तर मिळायचं, आज त्याची पाळी आली तर काकू गप्प. तिनं नवऱ्याकडे बघितलं. ती तर काही बोलू शकत नव्हती.

नवरा धावत आत गेला. शाईचे हात तोंडाशी धरून, जमेल तेवढा बारीक आवाज काढून तिथून ओरडला, "टाटा, ढब्बू! उद्या ये हं!"

आवाज अगदीच भिकार होता, पण ढब्बूला चालला. त्यानं समाधानानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"चल राजा, घरी जाऊ," आई म्हणाली, आणि त्याला घेऊन घराबाहेर पडली.