खारट गवत

१९९८च्या डिसेंबरात मांडवगण फराट्याहून सातवीची चौदा पोरं घेऊन मी कोकणात गेलो. समुद्रात घुसलेला एक डोंगर चढायचा होता. लांबून तो बसलेल्या बैलासारखा दिसे. वशिंड वर, तोंड पाण्यात. सोबतीला आमचा शेजारी गेणबा होता. त्याची उमेदीची वर्षं मेंढरांमागं गेली होती. आता दोन एकर ऊस होता, पण समुद्र पाहिलेला नव्हता.

पायथ्याच्या चहावाल्याने बजावलं, "दगडांवर पांढरे पट्टे मारलेत. तेच बघून जा. धुकं आलं तर असाल तिथंच बसा."

माथ्यावर डबे सोडले. गेणबा पाण्याकडे टक लावून बसला होता.

"गेणबामामा, शेत केवढं हाय बघा की!" पोरांतली मोनाली म्हणाली.

"व्हय, पर बांध कुठं घातलाय, कळंना."

पोरं हसली. आम्ही उतरायला लागलो आणि समुद्रावरून धुकं चढून आलं. हां हां म्हणता पट्टे दिसेनासे झाले, मग दगडही. बसायलाच हवं होतं. पण वारा बोचत होता, दोन पोरं रडायला लागली होती आणि पाचची एसटी शेवटची होती.

गेणबा वाकला. "गुरुजी, ह्या लेंड्या. शेरडांची वाट हाय ही. जितराबाची वाट पाण्यावर जाती, न्हाईतर गावात. तिसरी जागा न्हाई."

हे मीही वर्गात शिकवलं होतं. तेवढ्यात पुढून शेळी ओरडली.

"घर जवळ आलं," गेणबा म्हणाला.

आम्ही एकामागे एक निघालो. वाट अरुंद होत गेली. शेळी ओरडतच होती, पण माणसाचा आवाज कुठेच नव्हता.

"गुरुजी, लाटांचा आवाज पायाखालून येतोय," मोनाली हळूच म्हणाली.

"घाबरू नकोस. चल," मी म्हणालो.

गेणबाला चालताना गवताची काडी चघळायची सवय होती. त्याने एक काडी तोंडात धरली आणि लगेच थुंकली.

"थांबा! कुणी पाय उचलू नगा!"

"काय झालं?"

"गवत खारट हाय. आपण मेंढरांसाठी खडकावर मीठ टाकतो, तसं हितं समुद्रच टाकतोय. शेरडं हितं खडक चाटाया येत्यात, गुरुजी. ही वाट कुठंच जात न्हाई."

त्याने पटका सोडला. आम्ही सगळ्यांनी तो धरला आणि जिथे होतो तिथेच बसलो. मी पोरांची डोकी हाताने चाचपून मोजली. चौदा. पुन्हा मोजली.

तासाभराने धुकं विरलं. गेणबाच्या पुढे चार पावलांवर डोंगर संपला होता. तिथून सात-आठ पुरुष खोल, चुलीएवढ्या कपारीवर एक शेळी उभी होती. तिला वर येता येत नव्हतं, खाली समुद्र होता. आम्हाला पाहून ती पुन्हा ओरडली.

गेणबाने पटका खाली सोडून पाहिला. पुरला नाही.

"गुरुजी, ती घरी कशी जाईल?" मोनालीने विचारलं.

पोरांच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय मी कधी पुढे गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. आम्ही पांढरा पट्टा शोधून उतरलो आणि पायथ्याला पोचेपर्यंत ती आमच्या मागे ओरडत राहिली.