सातव्या धड्यानंतर

बाद करायच्या यादीतल्या शेवटच्या नावावर खूण करायला मृण्मयीने बोट उचललं आणि ते तसंच अधांतरी धरून ठेवलं. शीला देवकाते, खुलताबादजवळची वस्ती. सातव्या धड्याच्या व्हिडिओतली एकच जागा नऊ वेळा मागे घेऊन पाहिलेली. त्यानंतर बारा दिवस फिरकलेली नाही. शेजारी सॉफ्टवेअरने आपलं निदान लिहिलं होतं : 'गोंधळलेली. रस संपला.'

शेळ्यांच्या आजारांवरचा हा ऑनलाइन अभ्यासक्रम एकतीस हजार लोक शिकत होते आणि शिकवणारी डॉक्टर एकटी मृण्मयी. एवढ्यांचे चेहरे ती बघणार कधी? म्हणून कोण कंटाळलं, कोण वैतागलं हे सॉफ्टवेअर ठरवायचं, तेही माणूस कुठे थांबलं आणि कुठून पळालं एवढ्यावरून. हुशार होतं बिचारं, पण त्याने जन्मात शेळी पाहिली नव्हती. यादी पाच वाजता जाणार होती. तिच्यात नाव गेलं की प्रात्यक्षिकाची जागा गेली, आणि प्रात्यक्षिकाशिवाय प्रमाणपत्र नाही.

एकेकाला फोन करत बसलो तर जन्म पुरणार नाही, असं चित्रीकरण बघणारा शंतनू नेहमी म्हणायचा, आणि त्याचं खरंही होतं. पण सातवा धडा म्हटल्यावर तिला राहवलं नाही. तिने फोन लावला.

शीला आधी घाबरली, मग सावरली. विताना आडवं आलेलं पिल्लू कसं सोडवायचं ते कळलं नाही का, असं मृण्मयीने विचारलं, तर तिने सगळी कृती धडाधड सांगून टाकली. गेल्याच आठवड्यात तिने एक पिल्लू तसं सोडवलंही होतं.

"मग नऊ वेळा काय पाहिलंत?"

पलीकडे थोडी कुजबुज झाली.

"आमच्या सासूनं, आत्याबाईनं, लावायला लावलं, मॅडम. पयल्या सहा धड्यांत तुम्ही वडलांच्या गोष्टी हसत सांगता. सातव्यात त्यांचं नाव काढलं अन् थांबलात. पाणी प्यालात. आत्याबाईनं नऊदा बघितलं अन् म्हणल्या, हिचा बाप गेलाय."

वडील गेल्यावर चौथ्या दिवशी मृण्मयी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली होती, कारण तारीख पुढे ढकलता येत नव्हती. शंतनूने जमेल तेवढं कापलं, घोटभर पाणी तेवढं राहिलं. एकतीस हजारांत ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही, हे बरंच झालं असं ती स्वतःला सांगत आली होती. खरं तर तेच तिला आतून खात होतं.

"पण मग पुढचे धडे का थांबवलेत?" तिने विचारलं.

"सुतकातल्या माणसाला कुणी कामाला लावतं व्हय? व्हिडिओ जुना असंल, ते कळतं आमाला. पण आमाला तर त्याच दिवशी कळलं ना. आत्याबाई म्हणल्या, तेरावा होऊ द्या. उद्या होतोय. परवा आठवा लावणार."

मृण्मयीने डोळे पुसले. कित्येक महिन्यांनी तिला मोकळं वाटत होतं. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, परवा आठवा धडा नक्की लावा, एवढंच ती कसंबसं बोलली.

फोन ठेवून तिने पुन्हा यादी उघडली. नाव राखायचं तर गैरहजेरीचं कारण भरावं लागायचं. आजारपण, तांत्रिक अडचण, कुटुंबात निधन, असे पर्याय होते. पाचला दहा मिनिटं होती. तिने 'कुटुंबात निधन' निवडलं आणि यादी पाठवून दिली.