रूपरावांच्या आवाजावरचं चित्र

बोलणं हेच माझं काम, पण आजवर दुसऱ्यांचंच बोलत आले. आज पहिल्यांदा स्वतःचं बोलतेय. मी एक कॅसेट. साठ मिनिटांची, या बाजूला तीस आणि त्या बाजूला तीस. मला डोळ्यांसारखी दोन भोकं आहेत आणि त्यांच्याभोवती गुंडाळली जाणारी एक तपकिरी फीत. कानावर आलं ते धरून ठेवायचं, एवढंच मला येतं. तेही कुणी पुसलं नाही तर.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर इतवारीतल्या एका दुकानातून आम्ही दहा जणी एका खोक्यात बसून नंदनवन या वस्तीत आलो. घर चंद्रभानचं. तो एका कचेरीत कारकून. घरात त्याची बायको प्रेमिला, बारा दिवसांची नीला, आणि उमरेडकडची शेती धाकट्या भावाच्या हवाली करून आलेले त्याचे आईवडील, गोपिकाबाई आणि रूपराव.

बारशाच्या दिवशी चंद्रभानने नवा टेपरेकॉर्डर रूपरावांपुढे धरला आणि बाबा काहीतरी बोला म्हणाला. रूपराव आधी लाजले. खोकले. मग लाल्या आणि हौश्या या आपल्या बैलांचे गुण सांगितले, नातीला 'नीलू, ओ नीलू' म्हणून हाका मारल्या आणि शेवटी सवयीनेच स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "गोपिका, चहा मांड वं. पाहुणे बसून राहिले." सगळे हसले. साडेतीन मिनिटांचं ते बोलणं माझ्या वाट्याला आलं.

बाकी नऊ जणी प्रेमिलाने घेतल्या. तिच्या भावाने मस्कतहून तिला एक छोटा कॉम्प्युटर आणून दिला होता. वहीएवढा, रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा. वीज गेली की तो सगळं विसरे. म्हणून त्याच्याकडून जे करून घेतलं ते कॅसेटवर उतरवून ठेवावं लागे. ते आवाजातच उतरे, पण माणसाच्या नव्हे. झाडाला करवत लावावी तसा कर्कश आवाज.

प्रेमिला गणितात बी.एस्सी. विद्यापीठात तिसरी आली होती. आता तिसरी आलेली बाई दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभी राहते, असं ती स्वतःच म्हणे. एका विज्ञान मासिकातल्या वाचकांच्या पानावरून चंद्रपूरच्या वामनरावांशी तिची ओळख झाली होती. निवृत्त मास्तर, आणि त्यांच्याकडेही तसलंच यंत्र. दोघांच्या कॅसेटा टपालाने ये-जा करत. एका बाजूला प्रोग्रॅम, दुसऱ्या बाजूला गप्पा. धूमकेतूला शेपूट का, आकडा कधी संपतो का, असल्या. आठवड्यातून एकदा तरी या घरात कुणीतरी प्रेमिलाला 'तुम्हाला काय वाटतं, ताई?' असं विचारी, ते त्या कॅसेटमधून.

वामनरावांनीच तिला त्या चित्राचा नाद लावला. एक एवढंसं सूत्र. त्यात आकडा घालायचा, आलेलं उत्तर पुन्हा त्याच सूत्रात घालायचं, पुन्हा, पुन्हा. आकडा मोठा होत पळून गेला तर तिथे पांढरा ठिपका, घुटमळत राहिला तर काळा. पडदाभर ठिपके झाले की चित्र. गोपिकाबाईंनी पहिलं चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, हा तर मुंगळा होय. खरंच मुंगळ्यासारखं होतं. पण त्याच्या काठाचा कण मोठा करून पाहिला तर कणाला पुन्हा काठ, आणि त्या काठावर कुठेतरी पुन्हा मुंगळा, असं वामनराव सांगत. तो दुसरा मुंगळा प्रेमिलाला स्वतः शोधायचा होता. का, ते तिला धड सांगता येत नसे.

दिवाळीत रूपरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. ओळखीचा आवाज, जमलं तर त्यांचाच, रोज ऐकवा, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून माझा मुक्काम टेपरेकॉर्डरमध्येच. दिवेलागणीला गोपिकाबाई मला लावत. प्रेमिलाला दुपारी टेपरेकॉर्डर लागला तर ती आधी मला काढून बाजूला ठेवी, आणि काम झालं की परत घाली. मला नाव लिहिलेलं नव्हतं. टेपरेकॉर्डरमध्ये असते ती मामाजींची, म्हणजे प्रेमिलाच्या सासऱ्यांची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सहा महिने काही झालं नाही. मग मे महिन्यात, मी 'गोपिका' म्हणाले तेव्हा रूपरावांचे ओठ गोल झाले. आवाज नाही, नुसते ओठ. दुसऱ्या दिवशीही झाले. त्या संध्याकाळी गोपिकाबाईंनी मला चार वेळा लावलं.

त्यानंतरच्या आठवड्यातली ती दुपार. कॉम्प्युटर आदल्या दिवशी सकाळपासून चालू होता. भर उन्हाळ्यात तीस तास लाइन गेली नव्हती, आणि आता जाईल, आता जाईल, या धास्तीने प्रेमिला जेवलीही नव्हती. तीन वाजता शेवटची ओळ उमटली. काठाच्या एका कोपऱ्यात, ज्वारीच्या दाण्याएवढा, मुंगळा होता.

तेवढ्यात आत रूपरावांच्या खोलीतला कूलर घरघरत मंदावला. व्होल्टेज पडलं, पडद्यावरचं चित्र आक्रसलं आणि पाळण्यात नीला रडू लागली. प्रेमिलाने टेपरेकॉर्डर ओढला, वायर खोचली, फीत मागे घेतली आणि लाल बटण दाबलं.

मला ओरडता आलं नाही. लाल बटण दाबलं की मला फक्त ऐकता येतं.

एकदा उतरवून तिचा विश्वास बसेना. गॅस बंद केलाय का हे तीनदा पाहणारी बाई ती. तिने चित्र तीनदा उतरवलं, वर प्रोग्रॅमही उतरवला. मग लाइट गेले. ती नीलाला उचलून खोलीत गोल फिरली, हसली. मला काढायला आली आणि तिथेच थांबली. तिची कॅसेट टीव्हीवर होती. डबीत.

तिने मला सेलवर लावलं, अगदी हळू आवाजात. करवत. करवत. करवत. मग शेवटी, जिथे लिहिणं संपलं होतं तिथे, रूपराव चंद्रभानला म्हणाले, "बंद कर गा आता, सेल जातीन."

तेवढंच उरलं होतं.

मला मुठीत धरून ती शेजारच्या शोभाताईंकडे धावली आणि त्यांच्या फोनवरून चंद्रपूरला अर्जंट कॉल लावला. वामनरावांनी आनंदाने आधी चित्राचंच विचारलं. तिने मधेच तोडून विचारलं, पुसलेलं परत येतं का?

"नाही, ताई," ते म्हणाले. "नवं लिहिताना आधीचं पुसतच पुढे जातं. खाली काही राहत नाही. काय होतं त्यावर?"

तिने फोन ठेवला.

घरी आल्यावर तिने करंगळी घालून माझी फीत बाहेर ओढली. हातभर, मग दोन हात. मशीनने खाल्ली म्हणायचं. मशीन खातंच कधीकधी, कुणाचा दोष नसतो. पाच वाजेपर्यंत ती मला मांडीवर घेऊन तशीच बसली होती. मग पेन्सिल आणली, भोकात घातली आणि एकेक वेढा परत गुंडाळला. का, ते मला सांगता येणार नाही.

दिवेलागणीला गोपिकाबाई रूपरावांच्या उशाशी बसल्या आणि लाव वं म्हणाल्या.

"आई, पुसली गेली. माझ्या हातून."

"काय पुसली?"

"मामाजींची. मी चित्र उतरवलं तिच्यावर."

गोपिकाबाई तिच्याकडे वळल्या. "काहून वं? दुसरी नव्हती घरात?"

"होती. टीव्हीवर होती."

"मंग?"

"घाई केली."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. जे हाय ते लाव, एवढंच म्हणाल्या. मी वाजले. तो कर्कश आवाज ऐकून रूपराव दचकले, डाव्या हाताने चादर धरून राहिले. मग ते शेवटचे सहा शब्द. त्यांचे ओठ हलले नाहीत.

तेव्हा गोपिकाबाई त्यांच्या कानाशी वाकल्या आणि सांगू लागल्या. लाल्या आणि हौश्या, नीलू ओ नीलू, मधला खोकलासुद्धा. सहा महिने ऐकून त्यांना सगळं पाठ होतं. "गोपिका, चहा..." म्हणाल्या आणि तिथे अडकल्या. स्वतःलाच नवऱ्याच्या तोंडून हाक मारायची, ते त्यांना जमेना.

"मांड वं," मागून प्रेमिला म्हणाली. "पाहुणे बसून राहिले."

आता तीन महिने झाले. रोज संध्याकाळी दोघी मिळून तेवढं बोलतात, मग मला पुढे नेऊन ते सहा शब्द ऐकवतात. रूपरावांचे ओठ पुन्हा गोल झालेले नाहीत. चंद्रभान कचेरीतून येतो, वडिलांजवळ बसतो, जेवून सक्करदऱ्याच्या तलावाकडे फिरायला जातो. कॉम्प्युटर कपाटावर बांधून ठेवलाय. वामनरावांच्या दोन कॅसेटा न ऐकलेल्या पडल्या आहेत.

काल दुपारी प्रेमिलाने मला सुरुवातीला आणलं आणि लाल बटणावर बोट ठेवलं. चित्र पुसायचं होतं तिला. गोपिकाबाई दारातून पाहत होत्या.

"राहू दे वं," त्या म्हणाल्या. "त्यायच्या बोलावर बसलं हाय ते."

बोट निघालं. पण उद्याचं काय? हे बोट मी ओळखते. ते घाबरलं की तीनदा दाबतं, आणि थांबायचं तिथे थांबत नाही.

प्रेमिलाबाई, माझ्या पाठीच्या कडेला दोन्ही टोकांना एकेक इवलीशी खिट्टी आहे. त्या दोन्ही मोडल्या की लाल बटण खाली जातच नाही. माझ्यावर पुन्हा कुणाला काही लिहिता येत नाही, पुसताही येत नाही. चित्र तुम्हाला नकोसं झालंय, पण ते राहील. त्याच्या मागे ते सहा शब्दही राहतील. मोडायला हत्यार लागत नाही, नखाने होतं. नीला झोपली आहे, लाइटही आहेत. एवढं आत्ता करा.