‘भावपूर्ण’ वगळून

वर्तमानपत्रातल्या निधनाच्या जाहिराती तपासायचं काम तिच्याकडे होतं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे शब्द इतक्यांदा नजरेखालून गेले होते की हल्ली ती त्यांतले फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघायची. सासूबाई गेल्या तेव्हा दिराने साहजिकच तिला सांगितलं, "वहिनी, मजकूर तुम्हीच लिहा. चांगला भरघोस होऊ द्या."

शेवटची चार वर्षं सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं हिनेच केलं. दीर अधूनमधून फळं घेऊन यायचा, आईजवळ बसून डोळ्यांत पाणी आणायचा आणि निघून जायचा. सासूबाईंनी सुनेला मात्र शेवटपर्यंत धारेवर धरलं. पाणी गार का, उशी वाकडी का. हिच्याही मनात त्यांच्याबद्दल माया कधी आली नाही. यायला अंगात त्राणच उरलं नव्हतं.

कामावर परतल्यावर तिने कागद पुढे ओढला आणि नुसती बसून राहिली. शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ मुद्रितशोधकांना सगळे ‘फोडणीमास्तर’ म्हणत, कारण शब्द दिसला की ते त्याची फोड करत. ह्या श्रद्धांजलीत नेमकं आहे तरी काय, असं तिने त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून सांगितलं, की श्रद्धा म्हणजे कुणाच्या ठायी मन ठेवणं, अशी एक जुनी फोड आहे; आणि अंजली म्हणजे जोडून पुढे केलेले दोन हात. आपली ओंजळ त्यातूनच आली.

"मन काही मी ठेवलं नव्हतं," ती म्हणाली. "हात तेवढे होते."

मास्तरांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग म्हणाले, "म्हणजे अर्धा शब्द तरी तुझा आहे. ‘भावपूर्ण’ कशाला हवंय?"

तिने तेवढं गाळलं. सासूबाईंचं नाव, वय, खाली ‘श्रद्धांजली’ आणि घरच्यांची नावं. बस्स.

जाहिरात छापून आली त्या सकाळी दिराचा फोन आला. नातेवाइकांत हसं झालं, वर्तमानपत्रात काम करून दोन शब्द धड लिहिता येत नाहीत का, असं तो तिच्या नवऱ्याला सुनावत होता. त्याचा आवाज इतका चढला होता की तिला स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं. नवरा एरवी भावापुढे तोंड उघडायचा नाही. त्या दिवशी तो म्हणाला, "आईचं अंग चार वर्षं तिने पुसलंय. तिने लिहिलंय ते बरोबर आहे." आणि फोन ठेवला.

तिने कामावर रजा कळवली, आतल्या खोलीत जाऊन दार लोटलं आणि दुपार कलेपर्यंत झोपली. कुणी हाक मारली नाही.