आल्फेचं खोटं खोकणं

म्हातारा आल्फे चक्क खोटं खोकत होता. पंचेचाळीस वर्षं संसार केला युलालीने, तिला त्याचा खोकला ठाऊक नसेल? घरी खोकला की मांडणीवरच्या बशा वाजतात. आणि इथे सोनोग्राफीच्या खोलीत, जांघेला गारगार जेल फासलेलं, तर चर्चमध्ये घसा साफ करावा तसं नुसतं ‘खुं’!

“जरा जोरात, आजोबा,” यंत्रावरची पोरगी म्हणाली.

“खुं.”

पडद्यावर काही हललं नाही. आल्फे खूश. शनिवारी मोसमाचा पहिला दिवस, शेवंडं, म्हणजे ते मोठे समुद्री झिंगे, धरायचे सापळे समुद्रात टाकायचा. सर्जनने तपासलं तेव्हा जांघेतली गाठ त्याच्या हाताला लागली नव्हती. आडवं झालं की ती मेली आत पळायची. आता पडद्यावरही दिसली नाही, तर हा शनिवारी चालला होडीवर! पण सापळा उचलताना त्याचा चेहरा कसा पांढराफटक पडतो, ते युलालीने खिडकीतून पाहिलं होतं. तिचा थोरला भाऊ असाच “लचक भरलीय” म्हणत समुद्रावर गेला. आतडं अडकलं, आणि धक्क्यावर आणला तो चादरीत गुंडाळून.

“उभं करून बघ गं याला.”

“तेच करतेय, आजी.”

आल्फे उभा राहिला. पुन्हा ‘खुं’.

युलालीने पर्स मांडीवर घेतली. “पोरी, याच्या धाकट्या भावाने गेल्या वर्षी सापळे टाकायच्या दिवशी काय केलं, ऐकलंस?”

“युलाली, नको हं!” आल्फे म्हणाला.

“पाद्रीबाबा धक्क्यावरून होड्यांवर पवित्र पाणी शिंपडतायत. आमच्या तेओतिमला सगळ्यांच्या आधी सुटायचं. इंजिन सोडलं सुसाट, आणि दोर तसाच धक्क्याला बांधलेला!”

आल्फेच्या मिशा थरथरल्या.

“होडी थांबली जागच्या जागी, तेओतिम गेला पुढे. धप्पकन पाण्यात! बाबा बिचारे काय करणार? उरलेलं पाणी त्याच्याच टकलावर शिंपडलं.”

आल्फे फुटला. असा गडगडून हसला की टेबलावरचे कागद उडाले. पोरगीही हसत होती, पण तिचा हात जागचा हलला नाही.

“आलं! बाहेर आलं!” ती ओरडली.

पडद्यावर आतड्याचं वेटोळं भोकातून डोकावत होतं. डॉक्टर आला, पडदा पाहून म्हणाला, “हर्निया. बरं झालं वेळेत सापडला, आता ऑपरेशन करून टाकू.”

आल्फे जेल पुसत पुटपुटला, “मग शनिवारी होडी?”

“होडी मी नेणार,” युलाली म्हणाली, “सापळे तुझा भाऊ उचलणार. तू धक्क्यावर खुर्ची टाकून बस आणि दोर सोडलाय का, तेवढं बघ. आणि ऐक, म्हाताऱ्या, खोटं खोकायला शिकलास, पण खोटं हसायला काही जमलं नाही तुला. म्हणून तर अजून घरात ठेवलाय.”